चेंबर उघडल्याशिवाय गाडी घरी आणू नकोस

विक्रोळी, रविवार

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि.

परवा तू फोनवर इंजिनचा आवाज ऐकवलास तेव्हा मी लोकलमध्ये होतो, धड ऐकूही येईना. घरी येऊन तुझं रेकॉर्डिंग लावलं. सकाळी पहिला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खडखड, मग सगळं शांत, बरोबर? माझ्या गाडीचं हेच झालं होतं. तुमचा साताऱ्याचा मेकॅनिक म्हणतो तसे हे टॅपेट नव्हेत. टॅपेटची टिकटिक वरून, हेड कव्हरमधून येते. ही खडखड पुलीच्या बाजूने येतेय. मला तरी हे टायमिंग चेनचंच दुखणं वाटतं, म्हणजे खालच्या क्रँकच्या (इंजिनचा मुख्य दांडा) जोरावर वरचा, व्हॉल्व उघडणारा कॅम फिरवणारी साखळी.

गाडी घेताना दलालाने तुला सांगितलं असेल, ‘चेनचं इंजिन आहे, बेल्टचं नाही, आयुष्यभर बघायला नको.’ चेन लोखंडाची असते रे, पण ती ज्या गाईडवरून घासत जाते त्याला प्लॅस्टिकचा थर असतो. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून ते ठिसूळ होतं. चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत इंजिनच्या तेलाच्या दाबावरच चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं तेल उतरतं, आणि सकाळी प्रेशर येईपर्यंत सैल चेन गाईडवर आपटत राहते. काट्यावर किलोमीटर कमी आहेत म्हणून खूश होऊ नकोस. गाडी मुंबईची आहे. एलबीएस रोडला संध्याकाळी काटा हलत नाही, इंजिन मात्र चालूच असतं.

चालढकल मात्र करू नकोस. चेन दात सोडून सरकली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात. मग हेड उतरवा, आणि त्या खर्चात दुसरी जुनी गाडी येईल.

माझं काम कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या गल्लीत झालं. इंजिनखाली जॅक लावून माउंटिंग सोडवलं, क्रँक पुली काढली, फ्रंट कव्हर उघडलं. चेनने गाईडमध्ये दोन खोल चर पाडले होते. मूळचा पांढरट रंग जाऊन ते काळपट तपकिरी झालेलं, नख लावलं तरी टवका निघत होता. खालचं टोक तर गायबच. उस्तादने सापडलेले तुकडे पेपरवर मांडून जोडून पाहिले, तरी अंगठ्याच्या नखाएवढी जागा रिकामी राहिली.

‘वो तो कब का पिस गया, साहब,’ म्हणत तो नवीन चेन चढवायला निघाला. मी चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं तेल साठणारं भांडं, उघडायचा हट्ट धरला. एरवी मी उस्तादांशी वाद घालत नाही, पण चेनच्या खोलीतून खाली पडलेली वस्तू जाणार कुठे? तेलाच्या चेंबरमध्येच. चेंबर उतरलं तर तो तुकडा ऑइल पंपाच्या जाळीला चिकटलेला, भोवती काळा गाळ आणि प्लॅस्टिकचा चुरा. ती जाळी तुंबली की तेल वर चढत नाही. प्रेशर पडलं की बेअरिंग जातात, आणि नवाकोरा टेन्शनरही त्याच तेलावर जगणारा! म्हणजे पैसे मोजून पुन्हा तीच खडखड.

म्हणून आधीच बोलून घे: चेंबर उतरवायचं, जाळी धुवायची. कितीतरी इंजिनांत फ्रंट कव्हरची खालची कड चेंबरवरच बसते, त्यामुळे फार जादा लेबरही लागत नाही. चेन, सगळे गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं), पुढचं ऑइल सील, फिल्टर असा पूर्ण सेट टाक. झिजलेल्या दातांवर नवीन चेन चढवून काय उपयोग? मी सामान ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात घेतलं. तिथे लोकल गाईड बरंच स्वस्त मिळतं, पण गाईडमध्ये काटकसर नको. हवं तर चेसिस नंबर पाठव, मी इथून ओरिजिनल घेऊन कुरिअर करतो.

टायमिंग लावताना तिथे उभा राहा. चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर बसवतात, टेन्शनरची पिन काढतात, आणि सेल्फ मारण्याआधी पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवतात. तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो. कुठे अडकलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांवर नसतील, घाबरू नकोस, त्या लगेच जुळत नाहीत. क्रँक आणि कॅमच्या खुणा जाग्यावर आल्या की झालं. आणि कव्हरला सिलिकॉन बारीक धारेनेच लावू दे. हौसेने थापलं की जादा सिलिकॉन आत सांडतं आणि पुन्हा त्याच जाळीवर जाऊन बसतं. ते सुकेपर्यंत तेल भरायचं नाही, मग गाडी रात्रभर तिथेच राहिली तरी चालेल.

पहिल्यांदा चालू करताना थोडा वेळ वाजेल, तेल पोचलं की थांबेल. जुने पार्ट मागून घे आणि गाईडचे फोटो मला टाक.

काकांच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या