ही वेळ कोणत्या घड्याळाने लिहिली? : मॅडम, आपले मनःपूर्वक आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

शिरोली एमआयडीसीतील आमच्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेतील घोळ आपण उलगडून दिलात, त्याबद्दल मी समक्ष आभार मानले होतेच. परंतु त्या निमित्ताने लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, वेळ कशी राखली जाते आणि तिचे शिक्के कोठे कोठे उमटतात, हे आपण जे समजावून सांगितलेत, ते माझ्यापुरते राहू नये, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव आणि कागल येथे अशाच यंत्रणा चालवणाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, या हेतूने हे पत्र खुले लिहीत आहे.

ओतकामाचा माल भट्टीत ठरावीक तापमानाला ठरावीक तास धरून ठेवावा लागतो. त्याला आम्ही सोकिंग म्हणतो, आणि प्रत्येक लॉटबरोबर त्याचा आलेख ग्राहकाकडे जातो. आमच्या नोंदयंत्रातील छोट्या संगणकावर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. त्यामुळे वीज जाऊन परत आली की तो शेवटची जपून ठेवलेली जुनी वेळ घेऊन सुरू होई, आणि थोड्या वेळाने इंटरनेट मिळाले की टाइम सर्व्हरकडून खरी वेळ घेऊन एकदम पुढे उडी मारी. यंत्रासोबत तयार मिळालेला प्रोग्रॅम दोन नोंदींच्या तारीखवेळांची वजाबाकी करून सोकिंगचा काळ काढत असल्याने, ही उडीसुद्धा सोकिंगमध्येच जमा होत होती. ग्राहकाच्या तपासनिसाने असा आलेख नाकारला, आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते. पुरवठादाराने थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा संवेदक, बदलण्याचा सल्ला दिला होता. आपण मात्र नोंदींची फाइल उघडून पहिलाच प्रश्न विचारलात, की ही वेळ कोणत्या घड्याळाने लिहिली आहे?

कर्नलमध्ये घड्याळे अनेक असतात, हे मला त्या प्रश्नानंतर कळले. आपण पंचगंगेचे उदाहरण दिलेत. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने 39 फुटांची इशारा पातळी किती वाजता ओलांडली, हा एक प्रश्न. तेथून 43 फुटांची धोका पातळी गाठायला पाण्याला किती तास लागले, हा दुसरा. मधल्या काळात कोणी भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त केले, तर त्यानंतरच्या नोंदींत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुधारते, पण दुसऱ्याचे बिघडते. लिनक्समध्ये पहिल्या प्रश्नासाठी ‘क्लॉक रिअलटाइम’ आहे, जे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजते आणि गरज पडल्यास मागेपुढे सरकवले जाते. दुसऱ्या प्रश्नासाठी ‘क्लॉक मोनोटॉनिक’ आहे, ज्याला कोणीही उडी मारायला लावू शकत नाही. मशीन सस्पेंडमध्ये, म्हणजे तात्पुरते झोपलेले, असतानाचा काळही मोजायचा असेल, तर ‘क्लॉक बूटटाइम’ वापरायचे.

मोनोटॉनिक घड्याळाची गतीही एनटीपी, म्हणजे टाइम सर्व्हरशी वेळ जुळवणारी पद्धत, किंचित कमीजास्त करते, हे ऐकून मी साशंक झालो होतो. तेव्हा आपण लगेच आकडा मांडून दाखवलात, की ही दुरुस्ती दहा लाखांत 500 भागांपर्यंतच जाते, म्हणजे चार तासांच्या सोकिंगमध्ये फार तर सुमारे सात सेकंद. आमच्या कामात एवढ्या फरकाला काहीच महत्त्व नाही; आणि ज्यांच्या कामात आहे, त्यांच्यासाठी ‘मोनोटॉनिक रॉ’ हे दुरुस्ती न होणारे घड्याळ आहे.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो यापुढचा भाग. मोनोटॉनिक आणि बूटटाइम दोन्ही घड्याळे मशीन पुन्हा सुरू झाले की शून्यापासून मोजू लागतात, म्हणून एका बूटमधील, म्हणजे मशीन एकदा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतच्या काळातील, आकडा दुसऱ्या बूटमधील आकड्यातून वजा करणे निरर्थक आहे. कर्नल प्रत्येक बूटला एक वेगळी ओळखसंख्या देते. ती नोंदीत असेल, तरच कोणते दोन आकडे एकमेकांतून वजा करता येतात हे ठरवता येते. आपल्या सूचनेप्रमाणे आम्ही आता प्रत्येक ओळीत बूटची ओळख, बूटटाइम आणि रिअलटाइम अशा तिन्ही गोष्टी लिहितो. त्याचा लाभ असा, की इंटरनेट मिळून खरी वेळ एकदा समजली की बूटटाइम आणि रिअलटाइम यांतील फरक हाती येतो, आणि त्याच बूटमधील आधीच्या, जुन्या वेळेने लिहिलेल्या ओळींची खरी वेळसुद्धा मागाहून काढता येते. वीज नसतानाच्या काळात तापमानच मोजले गेलेले नसल्याने आलेखात तेवढी जागा कोरी सोडावी, हा आपला आग्रहही आम्ही पाळतो, आणि तपासनिसांनाही तो पटला.

येथवरच्या माहितीवर आमचे काम भागले असते. तरीही आपण मला कर्नलच्या मूळ कोडपर्यंत नेलेत, आणि त्याबद्दलची माझी कृतज्ञता शब्दांत मांडणे अवघड आहे. हार्डवेअरमधील एक काउंटर सतत पुढे सरकत असतो. इंटेलच्या प्रोसेसरांत 1993 च्या पेंटियमपासून टाइमस्टॅम्प काउंटर आहे, तर आमच्या बोर्डावरील आर्म प्रोसेसरात जेनेरिक टायमर. कर्नल त्या काउंटरची मागच्या वाचनानंतरची वाढ घेते, तिला एका गुणकाने गुणते, उत्तराचे बिट उजवीकडे सरकवते आणि नॅनोसेकंद मिळवते. प्रत्येक वेळी भागाकार करण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. एनटीपीने घड्याळाची गती सुधारायची म्हणजे हाच गुणक अगदी थोडा बदलायचा, हे समजले तेव्हा कितीतरी सुट्या गोष्टी एकदम जुळून आल्या.

हे आकडे बदलले जात असतानाच दुसरा कोणी वेळ विचारू शकतो. त्याला कुलपासाठी ताटकळत ठेवण्याऐवजी एक क्रमांक ठेवलेला असतो: लिहिणारा सुरुवातीला तो वाढवून विषम करतो आणि काम संपल्यावर पुन्हा वाढवून सम करतो, वाचणाऱ्याला तो विषम दिसला किंवा वाचता वाचता बदललेला आढळला, तर तो पुन्हा वाचतो. मात्र न अडवता येणारा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे चालू काम मध्येच थांबवणारा संकेत, या लिहिणाऱ्यालाच मध्ये थांबवून वेळ विचारू लागला, तर क्रमांक विषमच राहून तो इंटरप्ट कायमचा अडकून पडेल. म्हणून तेथे या माहितीच्या दोन प्रती ठेवल्या आहेत, म्हणजे एक बदलत असताना दुसरी वाचता येते, आणि त्याची किंमत म्हणजे बदलाच्या क्षणी वेळ क्वचित किंचित मागे गेल्यासारखी दिसू शकते. कर्नलच्या लेखकांनी ही मर्यादा कोडमधील टिपणीत स्पष्टपणे लिहून ठेवली आहे. ती टिपणी आपण मला मोठ्याने वाचायला लावलीत, आणि आमच्या आलेखाखालीही मोजमापाची मर्यादा छापली पाहिजे, हे मी त्या वेळीच ठरवले.

फाइलींवरील शिक्क्यांविषयीही आपण सावध केलेत. फाइलीचा बदलाचा शिक्का, म्हणजे एमटाइम, साध्या आज्ञेने हवा तसा लिहिता येतो. सीटाइम, म्हणजे फाइलीच्या मजकुरात किंवा तिच्याविषयीच्या माहितीत शेवटचा बदल झाल्याचा शिक्का, मात्र कर्नल स्वतः लिहिते, पण सिस्टिमचे घड्याळच बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्यापुढे तोही पुरावा म्हणून टिकत नाही. शिवाय हे शिक्के अनेक वर्षे कर्नलच्या टिकइतकेच, म्हणजे त्याच्या नियमित ठोक्याइतकेच, बारीक होते; सेकंदाला 250 टिक असतील, तर चार मिलिसेकंदांत झालेल्या दोन बदलांवर एकच वेळ पडू शकते. 6.13 या आवृत्तीत काही फाइल सिस्टिमसाठी ही उणीव बरीच भरून निघाली.

आपण शेवटी सांगितलेली गोष्ट आमच्या वसाहतीतील प्रत्येकाने मनावर घ्यावी, असे मला वाटते. चिन्हासह 32 बिटांत मोजलेले सेकंद 19 जानेवारी 2038 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी संपतात. 2020 मधील 5.6 आवृत्तीपासून 32 बिटांच्या यंत्रांवरही लिनक्सचे कर्नल त्या तारखेपलीकडे चालू शकते. परंतु कर्नलवर चालणारे प्रोग्रॅम 64 बिटांच्या वेळेसह पुन्हा कंपाइल झालेले नसतील आणि त्यांच्या फाइलींत सेकंदांसाठी 32 बिटांचीच जागा असेल, तर नवे कर्नल बसवून भागणार नाही. भट्टीवरची यंत्रे सहज वीस वर्षे चालतात, त्यामुळे आज बसवलेला बोर्ड त्या सकाळी चालू असण्याची शक्यता मोठी आहे. आमच्याकडील जुन्या नोंदयंत्रांच्या फाइलींची रचना बदलण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. ते पूर्ण झाले, की संगणकाची तारीख पुढे नेऊन घेतलेल्या चाचणीच्या नोंदी घेऊन मी आपल्याकडे येईन. त्या आपण तपासून द्याव्यात, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
शिरोली एमआयडीसीतील एक इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ,
कोल्हापूर