लाकडी वळणाच्या फळ्या चाकाला आडव्या हव्यात

संपादक महोदय,

आमच्या अंबाजोगाई भागातली पोरं आता डांबरी रस्ता सोडून बालाघाटाच्या डोंगरात सायकली घालतात. त्यांच्यासाठी काही ठिकाणी वळणावर कललेली लाकडी भिंत बांधतात. पोरं तिला ‘बर्म’ म्हणतात. अशाच एका वळणावर गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा पडला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड, हासळी, मोडलं.

मी जाऊन ते वळण पाहिलं. फळ्या चाकाच्या दिशेनंच लांब टाकलेल्या. दोन फळ्यांत बोटभर फट, आणि नेमकं त्यातच पुढचं टायर अडकलेलं. नुसते खिळे मारलेले. हादऱ्यानं निम्म्यांची डोकी वर आली होती. बांधणाऱ्यानं पोरांचा जीव धोक्यात घातला, असं मी स्पष्ट म्हणतो.

मी सुतार आहे. आमच्या घरात तीन पिढ्या बैलगाडीची चाकं घडली. तुंबा, आरे, पुठ्ठे या चाकाच्या भागांत हात मुरलेल्या माणसाला गोल वळण कठीण नाही. भाच्याचं हाड बरं झाल्यावर आमच्याच माळावर आम्ही दोघांनी एक वळण बांधलं.

आधी वेग मोजला. दहा मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या. ते अंतर १.८ सेकंदांत कापलं तर वेग ताशी २० किलोमीटर. पाच मीटर त्रिज्येच्या वळणाला तेवढ्या वेगासाठी साधारण ३२ अंशांचा कल लागतो. २५ च्या वेगाला तोच कल ४५ अंशांच्या जवळ जातो. कल वेगाला जुळला की सगळा भार सरळ फळीत उतरतो, टायर घसरत नाही. आमची पोरं या दोन वेगांच्या मधे चालवतात, म्हणून आम्ही ४० अंशांच्या आसपास ठेवला. सुरुवातीला आणि शेवटी आठ-आठ फुटांत कल हळूहळू चढवला-उतरवला. एकदम उभी भिंत समोर आली तर चाक तिला धडकतं.

फळ्या बाभळीच्या, पाच फूट लांब. बाहेरचं पांढरं लाकूड किडा लवकर खातो, म्हणून ते काढून तांबूस गाभाच घेतला. वळणाची आतली कड लहान, बाहेरची मोठी. म्हणून प्रत्येक फळी खाली ४ इंच आणि वर ५ इंच अशी निमुळती कापली. काटकोनात वळायला साठावर फळ्या लागल्या. सगळ्या चाकाच्या वाटेला आडव्या, पाणी निथळायला मधे अर्धा इंच फट. अशी आडवी फट चाक ओलांडून जातं, त्यात अडकत नाही. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू. वाळलेली बाभूळ इतकी कठीण, की आधी भोक पाडलं नाही तर स्क्रूचं डोकंच तुटतं. दोन दिवस तेवढंच काम चाललं.

खांबांचं मात्र नीट ऐका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यात रोवलेला खांब दोन वर्षंही ओळंब्यात, म्हणजे सरळ उभा, राहत नाही. आम्ही अडीच फूट काळी उकरून खालच्या मुरमात खांब बसवले. वळण नुसत्या काळ्या मातीचं रचलं तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचा चिखल होतो. जिथं मुरूम जवळ आहे तिथं मुरमाचंच चोपून करावं, लाकडाची गरज नाही.

ओल्या लाकडावर टायर थांबत नाही. म्हणून खुराड्याला लावतात ती जाळी वरून ताणून ठोकली आणि कडा खाली दुमडल्या, म्हणजे पडलेल्या पोराला त्या कापणार नाहीत.

जे कोणी, सरकारी असो वा खाजगी, डोंगरात असं काम काढतील त्यांना माझी विनंती: फळ्या आडव्या, स्क्रूनं, खांब मुरमापर्यंत, हे कामाच्या कागदातच लिहून घ्या. पावसाळा संपल्यावर प्रत्येक स्क्रू आणि खांब हातानं हलवून पाहायची जबाबदारी एका माणसावर ठेवा. आणि गावातल्या सुताराला बोलवा. चाकाचं काम गेल्यापासून सुतारांतले कितीतरी हात रिकामे आहेत.

निमुळत्या फळीचा पत्र्याचा साचा मी जपून ठेवला आहे. बांधणाऱ्यानं तो घेऊन जावा, काम झालं की परत आणून द्यावा.

– एक सुतार, ता. अंबाजोगाई, जि. बीड