नोंदींची जागृती भिंतीवरून टेबलावर यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्यालयांतले कागद आणि नोंदी नीट राहाव्यात म्हणून कर्मचाऱ्यांसाठी जे जागृतीचे उपक्रम होतात, त्यांच्याविषयी थोडे लिहायचे आहे. अभिलेख विभागात बरीच वर्षे काम केल्यामुळे असे उपक्रम मी आखले आहेत आणि इतरांचे जवळून पाहिलेही आहेत. त्यांची गरज मला मनापासून पटते. म्हणूनच ते ज्या पद्धतीने उरकले जातात त्याचे वाईट वाटते.

९ जून १९४८ रोजी आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषद स्थापन झाली आणि २००८ पासून ९ जून हा दिवस जगभर अभिलेखागार दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास पोस्टर लागतात, प्रमुखांचे भाषण होते, प्रश्नमंजूषा होते, धोरणाची प्रत सगळ्यांना ईमेलने जाते. आठवडा सरतो आणि शेअर्ड ड्राइव्हवर पुन्हा ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम सुधारित’ अशा फाइली शेजारी शेजारी येऊन बसतात. सही झालेली प्रत त्यातली कोणती, हे ती बनवणाऱ्यालाच ठाऊक असते. याला मी कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा म्हणणार नाही. त्यांना नियम कळवला गेला, पण त्यांच्या हातातल्या कामात तो कुठे लागू होतो हे कुणी शेजारी बसून दाखवले नाही.

पूर्वी हे काम काही मोजक्या हातांत होते. पत्र आले की आवक नोंदवहीत चढायचे, त्याला क्रमांक पडायचा, फाइलला लागायचे. आज तोच निर्णय कुणाच्या मेलबॉक्समध्ये, कुणाच्या लॅपटॉपवर, कुणाच्या फोनमधल्या चॅटमध्ये होतो. म्हणजे नोंद ठेवणारा माणूस आता प्रत्येक टेबलावर बसला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याकडे हे काम आले आहे याची कल्पनाच दिलेली नाही. अभिलेख व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५४८९, २००१ साली आले तेव्हाच त्यात प्रशिक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण होते. २०१६ च्या सुधारित आवृत्तीतही तो मुद्दा कायम आहे.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरलेला उपक्रम अगदी साधा आहे. एका विभागाची माणसे एकत्र बसवायची आणि त्यांच्याच कामातले पाच-सात नमुने समोर ठेवायचे: कराराचा मसुदा, सही झालेला करार, बैठकीचे इतिवृत्त, त्या बैठकीची वेळ कळवणारा ईमेल, बिलाची दुसरी प्रत, आणि वरिष्ठांनी ‘ठीक आहे, करा’ एवढेच लिहून खर्चाला दिलेली चॅटवरची मंजुरी. मग विचारायचे की यातले काय ठेवायचे, कुठे, किती काळ आणि कुणी. वेळ कळवणाऱ्या ईमेलवर लगेच एकमत होते. बैठक झाली की त्याचे काम संपले. चॅटवरच्या मंजुरीपाशी मात्र खरी चर्चा पेटते. कुणी म्हणते, ते तर नुसते बोलणे. तेवढ्यात लेखा विभागातले कुणीतरी विचारते, ‘मग खर्च कुणाच्या परवानगीने झाला, हे मी कशावरून दाखवू?’ त्या प्रश्नानंतर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. मंजुरी कोणत्याही माध्यमातून आलेली असो, तिच्यावर निर्णय उभा असेल तर ती नोंदच आहे आणि ती त्या प्रकरणाच्या फाइलमध्ये गेली पाहिजे, हे माणसे आपणहून बोलून दाखवतात.

दुसरा उपक्रम शोधण्याचा. काही वर्षांपूर्वीचा एखादा निर्णय सांगायचा आणि त्याची सही झालेली प्रत दोघांना स्वतंत्रपणे शोधायला लावायची. घड्याळ लावावे, पण नावे फळ्यावर लिहू नयेत. एकदा लाज वाटली की माणूस पुढच्या वेळी येत नाही. शोध कुठे अडला, हे मात्र बारकाईने टिपून घ्यावे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घातला की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात, ही छोटी गोष्ट इथेच सहज शिकवता येते. उपक्रम यशस्वी झाला की नाही, हे हजेरीपटावरून ठरवू नये. काही महिन्यांनी हाच शोध पुन्हा घ्यावा आणि वेळ कमी लागला का ते पाहावे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. जागृतीचे कार्यक्रम वरून खाली बोलतात. खालून वर काही येण्याची सोय त्यांत नसते. ब्रिटनमधले विंडरश प्रकरण आठवावे. कॅरिबियन बेटांतून काही दशकांपूर्वी तिथे आलेल्या लोकांची आगमनाची कार्डे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. पुढे त्यांतल्या अनेकांकडे वास्तव्याचे पुरावे मागितले गेले. ते देता आले नाहीत म्हणून काहींची नोकरी गेली, काहींना उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढले गेले. २०१८ मध्ये हे उघड झाले तेव्हा एका माजी कर्मचाऱ्याने माध्यमांना सांगितले की आगमनाची तारीख पडताळायला ती कार्डे वापरली जात, आणि ती नष्ट करू नयेत असे कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना सांगितलेही होते. नोंदीची किंमत ती रोज हाताळणाऱ्याला माहीत असते. जतन कालावधीचे वेळापत्रक, म्हणजे कोणती नोंद किती काळ ठेवायची याची यादी, ठरवताना त्याला विचारले नाही, तर ते वेळापत्रक कागदावर कितीही निर्दोष असले तरी माणसांचे नुकसान करू शकते.

याच कारणाने सफाई मोहिमांची मला धास्ती वाटते. ‘आज प्रत्येकाने जुने कागद काढून टाका’ असा आदेश सगळ्यांना आवडतो, कारण संध्याकाळी मोकळी कपाटे दिसतात. पण चौकशी किंवा खटला दिसत असताना कालावधी संपलेला कागदही नष्ट करता येत नाही. अमेरिकेत २००१ मध्ये एन्रॉन कंपनीची चौकशी समोर दिसत असताना तिचे लेखापरीक्षक असलेल्या आर्थर अँडरसन या संस्थेत कर्मचाऱ्यांना दस्तऐवज जतन धोरणाची आठवण करून दिली गेली. त्यानंतर एन्रॉनचे कागद मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. २००२ मध्ये संस्था दोषी ठरली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्युरीला दिलेल्या सूचना चुकीच्या होत्या म्हणून तो निकाल फिरवला, पण तोवर संस्था जवळपास संपली होती. धोरणाची आठवण चुकीच्या वेळी करून दिली तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. म्हणून सफाईचा दिवस ठेवायचाच असेल तर आधी काय थांबवून ठेवायचे याची यादी हवी, नष्ट केलेल्याची नोंद हवी, आणि दोन जबाबदार माणसांच्या सह्या हव्यात. नक्कल प्रती आणि कामापुरते मसुदे यांपासून सुरुवात करणे सर्वांत सुरक्षित.

काही गोष्टी थोडक्यात. ३१ मार्चला बॅकअप दिन पाळतात तो चांगलाच, पण बॅकअप घेतला म्हणजे अभिलेख सांभाळले असे होत नाही. पसाऱ्याचा बॅकअप हा पसाराच असतो. नोकरी सोडून जाणाऱ्याकडून चावी आणि ओळखपत्र जसे परत घेतो, तसा त्याच्या मेलबॉक्समधल्या चालू प्रकरणांचा ताबाही शेवटच्या दिवसाच्या आत घ्यावा. विभागप्रमुखांनी या उपक्रमात स्वतःची फाइल घेऊन बसावे. ते दारात उभे राहून शुभेच्छा देऊन गेले, की बाकीच्यांना संदेश बरोबर पोहोचतो.

आणि वेळ. नोंदी लावण्याचे काम ‘फावल्या वेळात’ करा असे सांगणारा प्रत्येक उपक्रम मी विरताना पाहिला आहे, कारण फावला वेळ कुणाकडेच नसतो. महिन्यातला एक तास कामाच्या वेळेतच राखून ठेवा, त्या तासात बैठका ठेवू नका, आणि अभिलेख विभागातले कुणीतरी त्या वेळी विभागात येऊन बसू द्या. आपले वाचक अनेक कार्यालयांत अधिकाराच्या जागी आहेत. त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या अभिलेखागार दिनाच्या खर्चातून पोस्टर वगळावीत आणि जतन कालावधीच्या वेळापत्रकाचा मसुदा कर्मचाऱ्यांच्या हरकतींसाठी महिनाभर खुला ठेवावा. आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे, आणि ते उत्तरही फाइलला लावावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अभिलेखपाल