दुर्मिळ आजाराची पहिली तपासणी तालुक्यातच व्हावी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दुर्मिळ आजाराची बातमी वृत्तपत्रात येते तेव्हा ती बहुधा कोट्यवधी रुपयांच्या इंजेक्शनची आणि त्यासाठी लोकवर्गणी मागणाऱ्या आईवडिलांची असते. त्या पालकांची तळमळ मला समजते. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात असे मूल वाढवताना आमचे अडते ते रक्ताच्या एका साध्या तपासणीपाशी, वेळेवर न मिळणाऱ्या गोळीपाशी आणि एसटीच्या उंच पायरीपाशी. त्याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार आहे. स्नायूंना टिकवून धरणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन या मुलांच्या शरीरात तयार होत नाही, त्यामुळे स्नायू वर्षागणिक झिजत जातात. साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो, मुलींमध्ये तो क्वचितच दिसतो. सुरुवात पायांपासून होते, बाराव्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांचे चालणे थांबते आणि पुढे हृदयाचे व श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. मात्र वेळेवर सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, नियमित व्यायाम आणि हृदयाची व फुप्फुसांची तपासणी यांमुळे मुलाचे चालणे आणि आयुष्य दोन्ही वाढते.

या आजाराची लक्षणे लपून राहणारी नसतात. मूल उशिरा चालू लागते, सपाट अंगणातही पडते, जिना चढताना कठडा सोडत नाही. जमिनीवरून उठताना ते आधी ओणवे होते, मग हात गुडघ्यांवर, तिथून मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगाचा आधार घेत उभे राहते. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात. आमच्या गावात म्हातारी माणसे कौतुकाने म्हणत, “पोट्ट्याच्या पोटऱ्या पाहा, पैलवान होईन हा.” ती भरदार दिसणारी पोटरी हेच या आजाराचे एक ठळक लक्षण आहे, हे गावात कोणाला ठाऊक असणार?

दवाखान्यातही घोटाळा होतो, आणि तो सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. तापासाठी केलेल्या तपासणीत माझ्या मुलाच्या रक्तातली एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे (एन्झाइम) वाढलेली निघाली, म्हणून एका खासगी दवाखान्यात त्याच्यावर अनेक महिने यकृताचे उपचार झाले. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्याचे सल्लेही नातेवाइकांनी दिले. वास्तविक ही विकरे यकृताप्रमाणेच स्नायूंमध्येही असतात आणि स्नायू झिजू लागले की रक्तात वाढतात. अशा वेळी सीपीके ही स्नायूंतल्या विकराची रक्ततपासणी केली, तर संशयाची दिशा लगेच बदलते. सर्वसाधारणपणे २०० च्या आसपास किंवा त्याखाली असणारा हा आकडा या मुलांमध्ये कित्येक हजारांवर गेलेला असतो. तालुक्याच्या प्रयोगशाळेतून ही तपासणी करून घेता येते. ती लिहून देणारा माणूस मात्र आम्हाला फार उशिरा भेटला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, मुलांचे वजन, दात, डोळे, हृदय पाहते, हालचालींच्या विकासातील विलंबही नोंदवते. या पथकाने प्रत्येक मुलाला जमिनीवर बसवून हाताचा आधार न घेता उठायला सांगावे आणि ज्याला ते जमत नाही त्याची सीपीके तपासणी शासकीय खर्चाने करावी, ही माझी पहिली मागणी आहे. विदर्भाला हे नवे नाही. सिकलसेलसाठी आमच्याच आशाताईंनी घरोघरी जाऊन माणसे तपासणीला आणली, आणि १ जुलै २०२३ पासून तर त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. एका रक्ताच्या आजारासाठी जे गावपातळीवर उभे राहू शकले, ते स्नायूंच्या आजारासाठी उभे करताना नवी यंत्रणा लागणार नाही.

निदान लवकर का व्हावे, याचे आणखी एक कारण आहे आणि आई म्हणून ते मला सर्वांत जवळचे आहे. या आजाराचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांत तो आईकडून आलेला असतो, उरलेल्यांत तो मुलामध्येच नव्याने उद्भवतो. आई स्वतः बहुधा धडधाकट असते आणि आपण वाहक आहोत हे तिला माहीतही नसते. निदान उशिरा झाले, तर तोवर घरात दुसरा मुलगा जन्मलेला असतो. माझ्या ओळखीच्या एका घरी आज दोघे भाऊ एकाच आजाराचे आहेत. थोरल्याचे निदान वेळेवर झाले असते, तर आईची जनुकीय तपासणी आणि पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घेण्याचा निर्णय त्या जोडप्याला विचारपूर्वक घेता आला असता. माझ्या धाकट्या बहिणीने लग्नाआधी आपली तपासणी करून घेतली, त्यावरूनही नात्यात बरीच कुजबुज झाली. अशा वाहक बायांना कुलक्षणी म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगते की, गुणसूत्र कोणी निवडून देत नाही.

केंद्र सरकारचे दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये आले. त्यात या आजाराचा समावेश आहे, आणि २०२२ पासून अर्थसाहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली, याबद्दल कृतज्ञता आहे. मात्र ही मदत ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फतच, म्हणजे सरकारने त्यासाठी नेमलेल्या मोठ्या रुग्णालयांमार्फतच मिळते, आणि आम्हाला त्यासाठी दाखवला जाणारा रस्ता मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा आहे. धामणगावपर्यंत गाडी करायची, तिथून रात्रभर रेल्वे, ज्या मुलाला स्वतःहून कूसही बदलता येत नाही त्याला घेऊन. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून हे करणे अनेक घरांना शक्य नसते, आणि ती घरे मग औषधोपचारातूनच बाहेर पडतात.

म्हणून नागपूरच्या एम्समधील किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदू-मज्जाविकार, हृदय आणि फिजिओथेरपीच्या तज्ज्ञांनी दर तीन महिन्यांनी ठरलेल्या दिवशी यवतमाळला एकत्र बसावे. घरी मी रोज सकाळी अंगणवाडीत जाण्यापूर्वी मुलाची टाच तळहातात धरून पाऊल वर वळवते, कारण टाचेमागची शीर आखडली की उभे राहणे संपते. हे मला एका फिजिओथेरपिस्टने एकदाच दाखवले. ते बरोबर होते आहे की नाही, हे पाहणारे जवळपास कोणी नाही.

स्टेरॉइडची गोळी अचानक बंद करणे धोक्याचे असते. तरीही ती तालुक्याच्या औषध दुकानात पुष्कळदा संपलेली असते. ग्रामीण रुग्णालयात नोंदणीकृत मुलांपुरता तिचा साठा ठेवणे अवघड नसावे. तसेच भूल देताना वापरली जाणारी काही औषधे या मुलांना जिवावर बेतू शकतात. हाड मोडून रात्री-अपरात्री दाखल झालेल्या मुलाबाबत तिथल्या डॉक्टरांना हे लगेच कळावे, यासाठी प्रत्येक मुलाला आजाराची माहिती असलेले मराठी व इंग्रजी कार्ड जिल्हा रुग्णालयानेच द्यावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीची नोंद आहे आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही आहे. माझा मुलगा गणितात हुशार आहे. पाचवीचा वर्ग मात्र तीन पायऱ्या चढून आहे आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात खुर्चीची चाके रुततात. रॅम्प आणि शाळेपर्यंतचा तेवढा रस्ता करून देणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले काम आहे.

जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी यांपैकी सीपीके तपासणी व तिमाही बाह्यरुग्ण विभाग या दोन गोष्टींबाबत निर्णय घेऊन तो आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक आई व अंगणवाडी सेविका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ