अहवालासोबत आकड्यांची फाईलही मागा: गोव्याच्या नियोजन आणि सांख्यिकी मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
नियोजन आणि सांख्यिकी खाते,
गोवा सरकार, पर्वरी

मंत्रिमहोदय, स. न. वि. वि.

मी फोंडा तालुक्यातील एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका आहे. पाणी, आरोग्य, शेती, खाणी अशा विषयांवर आपल्या राज्यात अभ्यास होतात, त्यांचे अहवाल सरकारकडे येतात आणि त्यांतील आकड्यांवर निर्णय घेतले जातात. हे आकडे बहुधा एक्सेलच्या फाईलमध्ये तयार होतात. अहवाल अनेकजण वाचतात, पण ती फाईल तयार करणाऱ्यावाचून दुसरे कोणी उघडत नाही. मला आपल्याशी एवढ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगते. २०२४ साली आम्ही काही विद्यार्थ्यांसह आमच्या भागातील विहिरींची पाणीपातळी मोजत होतो. विहीर कोणाच्या जमिनीत आहे हे पुढे जुळवता यावे म्हणून एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावरचा सर्व्हे क्रमांक आणि पोटविभाग आम्ही एकाच रकान्यात, तोंडी सांगतात तसा, १२/३ असा भरला. एक्सेलने ती तारीख आहे असे परस्पर ठरवले आणि तिथे १२ मार्च असे लिहून टाकले. दुसऱ्या एका संगणकावर तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती, तिथे हाच क्रमांक ३ डिसेंबर झाला. चूक लक्षात आल्यावर आम्ही रकान्याचा प्रकार बदलून मजकूर केला, तेव्हा १२/३ परत येण्याऐवजी ४५३६३ हा आकडा समोर आला, कारण एक्सेल तारीख आतल्या आत दिवसांच्या क्रमांकाने साठवते आणि १२ मार्च २०२४ चा क्रमांक तोच आहे. १४५/२ सारखे क्रमांक मात्र तारखेत बसत नसल्याने जसेच्या तसे राहिले होते, त्यामुळे वरवर चाळणाऱ्याला फाईल निर्दोष वाटावी अशीच होती. हस्तलिखित वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणून आम्ही निभावलो.

हे खेड्यापाड्यातल्या हौशी लोकांचेच होते असे समजू नये. मानवी जनुकांच्या संशोधनात सेप्ट-२, मार्च-१ अशा नावांची जनुके होती आणि एक्सेल त्यांच्याही तारखा करत असे. हा धोका २००४ सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आला होता. तरीही २०१६ साली तपासणी झाली तेव्हा एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक आढळली, आणि २०२१ च्या तपासणीत तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास निघाले. दरम्यान २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. यंत्रापुढे हात टेकून बारसे पुन्हा करण्याचा हा प्रसंग मला अजूनही थोडा हास्यास्पद वाटतो. हे रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली, पण ती आपल्या किती कचेऱ्यांतल्या संगणकांवर लावलेली असेल, याचा अंदाज आपणच करावा.

तारखांची चूक निदान डोळ्यांना दिसते. सरासरीची चूक दिसत नाही, आणि पाण्याच्या तपासणीत ती फार सहज होते. प्रयोगशाळेला एखाद्या नमुन्यात जंतू मोजण्याच्या मर्यादेपेक्षा कमी आढळले, तर ती अहवालात '१.८ पेक्षा कमी' असे चिन्हासह लिहिते. एक्सेलच्या दृष्टीने तो आकडा नसून मजकूर असतो आणि सरासरी काढताना ते तो मुकाट्याने वगळते. समजा, एका नदीच्या पाच नमुन्यांचे निकाल २०, ३०, ४० आणि दोनदा '१.८ पेक्षा कमी' असे आहेत. एक्सेल सरासरी ३० दाखवील, वास्तविक ती १९ च्याही खाली आहे. याउलट, ज्या दिवशी नमुना घेतलाच गेला नाही त्या दिवसाच्या रिकाम्या चौकटीत कोणी शून्य भरून ठेवले, तर घाण पाणीही कागदावर स्वच्छ होते. पहिली चूक कारखानदाराच्या विरोधात जाते, दुसरी गावकऱ्याच्या, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

आता बेरजेचे पाहू. पूर्वी गोव्याचे तालुके अकरा होते, धारबांदोडा झाल्यावर ते बारा झाले. अकरा ओळींच्या जुन्या तक्त्याखाली बारावी ओळ जोडली आणि बेरजेचे सूत्र तपासले नाही, तर ते अकराव्या ओळीवरच थांबलेले असू शकते. बारा ओळींत हे कोणाच्या तरी लक्षात येईलही, परंतु १९१ पंचायतींच्या तक्त्यात सूत्र १८७ व्या ओळीवर थांबले तर ते कोण मोजणार?

नेमके असेच जगातल्या एका गाजलेल्या निबंधात घडले. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांत वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का असतो, असे कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली मांडले आणि खर्चकपातीचा आग्रह धरणाऱ्या राजकारण्यांनी ते उचलून धरले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातील स्वाध्याय म्हणून ते गणित पुन्हा करायचे होते, पण उत्तर काही केल्या जुळेना. शेवटी लेखकांनी त्याला मूळ फाईल पाठवली आणि तीत सरासरीचे सूत्र पाच ओळी अलीकडेच थांबल्याचे त्याला दिसले. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश हिशेबाबाहेर राहिले होते. २०१३ साली त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह नव्याने मोजले तेव्हा तो दर २.२ टक्के निघाला. न्यायाने सांगायचे तर या फरकातला थोडाच भाग त्या सूत्राचा होता, बाकीचा काही वर्षे वगळण्यातून आणि सरासरीत देशांना दिलेल्या भारांकातून, म्हणजे वजनातून, आला होता. पण तेही फाईल हाती आल्यावरच उलगडले. निबंध तीन वर्षे जगभर वाचला जात होता, आणि वाचून ते कोणाला कळण्यासारखे नव्हते.

इंग्लंडमध्ये तर माणसांची नोंद हरवली. २०२० च्या सप्टेंबरअखेर कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत, कारण प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओतली जात होती आणि त्या फाईलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध त्यामुळे काही दिवस लांबला.

मंत्रिमहोदय, म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ साली कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. ज्या वादात दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानालाही लाखो घनमीटर पाण्याची किंमत असते, त्या वादात उद्या आपण पुन्हा पाऊस आणि प्रवाहाचे आकडे घेऊन उभे राहू, तेव्हा ते आकडे आपल्याच दुसऱ्या माणसाने मुळापासून मोजून पाहिलेले असावेत, असे मला मनापासून वाटते.

एक्सेलवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. मीही घरचा जमाखर्च त्यातच मांडते. माझी विनंती एवढीच आहे की, सरकारी पैशाने झालेल्या किंवा सरकार ज्यावर विसंबते अशा प्रत्येक अभ्यासाचे शेवटचे देयक फेडण्यापूर्वी हात न लावलेली मूळ माहिती आणि सूत्रांसह चालू फाईल, दोन्ही आपल्या खात्यात जमा व्हावीत. एकदा एका कचेरीकडे मी आकडे मागितले असता मला पीडीएफ मिळाली. पीडीएफमध्ये सूत्र नसते, त्यामुळे तिच्यावरून काहीच तपासता येत नाही. जमा झालेल्या माहितीवरून, अहवालाशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीने मुख्य आकडे नव्याने काढावेत. शेजारी बसून पहिल्याच्या फाईलवरून नजर फिरवणे म्हणजे तपासणी नव्हे. रुग्णांची किंवा जमीनमालकांची नावे काढून उरलेली माहिती लोकांसाठी खुली ठेवता येईल. मोठ्या अभ्यासांसाठी आर किंवा पायथन ही संगणकभाषा वापरल्यास गणिताची प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. दोन्ही विनामूल्य आहेत आणि आपल्या महाविद्यालयांतील मुले ती शिकतातही, तेव्हा या तपासणीचे काम त्यांना मानधनावर देता येईल. आणि सर्व्हे क्रमांक व पोटविभाग यांच्यासाठी प्रत्येक सरकारी तक्त्यात कृपया दोन वेगळे रकाने असू द्यावेत.

या पत्रासोबत आमच्या विहिरींची फाईल पाठवत आहे, १२ मार्चची आणि दुरुस्त केलेली, अशी दोन्ही. आपल्या खात्यातील कोणी ती पहिल्यापासून मोजून पाहिली आणि आमची आणखी एखादी चूक कळवली, तर मी आभारी राहीन.

आपली नम्र,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका, फोंडा