सौरऊर्जेची बचत घरगुती बिलात कधी उतरणार?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या सभेत छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे दोन तट पडले. सूर्य फुकट आहे, तेव्हा आता वीज स्वस्त होणारच, असे एका बाजूचे म्हणणे. तर सौर आणि पवनऊर्जेच्या नादी लागल्यामुळेच बिले फुगली, असे दुसऱ्या बाजूचे. आयुष्यभर गणित शिकवल्याची खोड जात नसल्याने मी घरी येऊन जुन्या बिलांची फाइल काढून बसले.

मे 2024 च्या बिलात आमचा वापर 210 युनिट आहे. पहिल्या 100 युनिटांना प्रतियुनिट 4 रुपये 71 पैसे, म्हणजे 471 रुपये. पुढच्या 110 युनिटांना मात्र 10 रुपये 29 पैसे, म्हणजे 1,131 रुपये 90 पैसे. याखेरीज प्रत्येक युनिटमागे 1 रुपया 17 पैसे वहन आकार (वीज तारांतून पोहोचवण्याचा खर्च), दरमहा ठरलेला स्थिर आकार, इंधन महागले तर इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. शंभरावे आणि एकशे एकावे युनिट एकाच तारेतून घरात येते, दोन्हींसाठी कोळसाही सारखाच जळतो. तरी दुसऱ्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त. हा फरक दररचनेने पाडलेला आहे, आणि वाद घालायचा तर तो इथून सुरू व्हायला हवा.

वीज विकत घेऊन ग्राहकापर्यंत पोहोचवायला महावितरणला सरासरी जो खर्च येतो, त्याहून कमी दराने ती शेतीपंपांना आणि अगदी कमी वापराच्या घरांना दिली जाते. येणारी तूट काही अंशी राज्य सरकारच्या अनुदानातून, तर उरलेली उद्योग, दुकाने आणि शंभर युनिटांपुढे जाणारी घरे यांच्याकडून वसूल होते. शेतकऱ्याला स्वस्त वीज देण्याला माझा विरोध नाही; वीज तेव्हाच येते म्हणून ऐन थंडीत रात्री दोन वाजता, हातात बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघालेले वडील मी पाहिलेले आहेत. मात्र 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची जी योजना आली, तिचा भार सरकारने तिजोरीतून वेळच्या वेळी उचलला पाहिजे. तो थकला की फिरून आमच्याच दारात येतो.

खर्चाचा दुसरा मोठा भाग जुन्या करारांचा. औष्णिक (इंधन जाळून वीज करणाऱ्या) केंद्राशी करार करताना प्रत्यक्ष विजेच्या किमतीखेरीज केंद्र सज्ज ठेवल्याबद्दल ठरावीक रक्कम मान्य केलेली असते आणि वीज उचलली नाही तरी ती द्यावी लागते. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाने हा धडा महाराष्ट्राला चांगलाच महागात शिकवला होता; डॉलरशी बांधलेला तो दर न परवडून अखेर 2001 मध्ये तत्कालीन वीज मंडळाने तिथली वीज घेणे थांबवले.

आता नवीकरणीय ऊर्जेविषयी. आम्हा सातारकरांना पवनचक्क्यांचे अप्रूप राहिलेले नाही. आषाढात चाळकेवाडीच्या पठारावर धुक्यात पाती दिसत नाहीत, नुसता त्यांचा घरघराट ऐकू येतो. पण तेव्हा शेतीपंप बंद असतात आणि विजेची मागणी उतरलेली असते. पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन तापू लागते, पंप सुरू होतात, तेव्हा त्याच पवनचक्क्या पुष्कळदा निवांत उभ्या असतात. सौर विजेची अडचण रोजचीच. दुपारी ती मुबलक असते, आणि आमच्या घरात दिवे, टीव्ही, मिक्सर, पंखे हे सगळे एकदम चालू होते ते संध्याकाळी सातला. त्या वेळी मदतीला येणाऱ्या 1,960 मेगावॉटच्या कोयना जलविद्युत प्रकल्पालाही मर्यादा आहे, कारण कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) एवढेच ठरवून दिले आहे. साठवणुकीची सोय उभी राहीपर्यंत संध्याकाळची वीज महागच राहणार.

तरीही सौरऊर्जेचा घरगुती बिलाला खरा आधार होऊ शकतो, आणि माझ्या मते तो आमच्या छतावरून येण्यापेक्षा गावाकडच्या वीज उपकेंद्राशेजारून येईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून तिथली साधारण 3 रुपये युनिटची वीज शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, दिवसा दिली जाते. पंपाला दिवसाच वीज हवी असते आणि सूर्यही दिवसाच असतो, त्यामुळे साठवणुकीचा प्रश्नच येत नाही. वीज लांबून आणताना होणारी गळतीही वाचते. शेतीचा पुरवठा स्वस्त झाला, तर त्यासाठी इतर ग्राहकांवर टाकलेला बोजा त्या प्रमाणात उतरायला हवा.

छतावरच्या सौर पॅनेलचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते, आणि ज्यांचे बिल मोठे व छत स्वतःचे आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. पण असे ग्राहक बहुतेक वरच्या टप्प्यातले, म्हणजे चढा दर भरणारे. ते बिलातून मोकळे झाले तरी तारा, रोहित्रे आणि जुने करार यांचा खर्च तेवढाच राहतो आणि तो भाड्याने राहणाऱ्या, चाळीत किंवा पाचव्या मजल्यावर राहणाऱ्यांत वाटला जातो. सोसायटीच्या सभेत हे मी बोलले, तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या सभासदांचा चेहरा जरा पडला.

1 जुलै 2025 पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर सवलत देण्यात आली, ते योग्यच झाले. मात्र नवराबायको दोघेही नोकरीवर जातात त्या घराला दुपारच्या स्वस्त विजेचा उपयोग किती? म्हणून वीज नियामक आयोगाला विनंती आहे, की पुढील दरनिश्चितीच्या आदेशात सौर कृषी वाहिनीमुळे वीजखरेदीत वर्षभरात किती रुपये वाचले आणि त्यातले किती 101 ते 300 युनिटांच्या टप्प्यात दरकपात म्हणून उतरले, हे दोन आकडे शेजारीशेजारी, मराठीत आणि पहिल्याच पानावर छापावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा