मावशी, तुमच्या डब्यातल्या अर्ध्या भाकरीसाठी

मावशी,
सा. न. वि. वि.

आमच्याकडचं स्वयंपाकाचं काम सोडून तुम्ही मंगळवेढ्याला परत गेलात त्याला आता वर्ष होईल. फोनवर बोलताना दर वेळी तुमचे आभार मानायचं मनात असतं, पण तुम्ही "त्यात काय एवढं, ताई" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हे पत्र. नात तुम्हाला वाचून दाखवेल. आणि ज्यांना गहू आणि दूध दोन्ही बंद झालंय, अशा इतरांनीही ते वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

२०२१ चा तो पावसाळा तुम्हाला आठवत असेल. माझं वजन ४३ किलोवर आलं होतं. दोन-तीन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्यावर एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी करायला लावली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला, आणि सिलिॲक आजार निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याचं अस्तर झिजतं तो. गहू आणि सातू (जव) आयुष्यभरासाठी बंद. दूध पचवणारा रस आतड्याच्या अस्तरावरच्या बारीक टोकांवर तयार होतो आणि माझी ती टोकंच झिजून सपाट झाली होती, त्यामुळे दूध, दही, ताक, पनीरही बंद. अंडं आमच्या घरात येत नाही. प्रोटीनसाठी काय खायचं याचा जो कागद हातात मिळाला होता, त्यातल्या निम्म्या ओळींवर मी पेनानं काट मारली.

मग महिनाभर मी काय खाल्लं? भात, बटाटा, साबुदाण्याची खिचडी. पोट दुखायचं थांबलं, पण जिना चढताना पाय थरथरायचे. गहू टाळणं आणि अंगाला प्रोटीन मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच.

एक दिवस मी ओट्याशी रडत होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. पिशवीतून तुमचा डबा काढलात आणि उघडून माझ्यापुढे सरकवलात. त्यात ज्वारीची भाकरी, हुलग्याची (कुळथाची) उसळ आणि शेंगाची चटणी होती. "ताई, ह्यात कुठं गहू हाय? कुठं दूध हाय?" म्हणालात आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवलीत. सहा वर्षं तुम्ही माझ्याकडं स्वयंपाक करत होतात आणि तुमच्या डब्यात काय असतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या रात्री मी वजनकाटा घेऊन हिशेब केला. दर किलो वजनामागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ४८ किलोचं ध्येय धरलं तर ४० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दिवसभरात तीन भाकऱ्यांचे १८. हुलगे, तूरडाळ यांत १०० ग्रॅमला २१ ते २२, शेंगदाण्यात २३ च्या पुढं. ३० ग्रॅम डाळ, तेवढीच कोरडी कडधान्यं भिजवून केलेली उसळ आणि मूठभर शेंगदाण्यांची चटणी मिळून आणखी १८-१९. वर हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण. झाले की ४०! पण वरण घट्ट हवं. आमच्याकडच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ कमी आणि पाणीच जास्त असायचं, हेही तुम्हीच दाखवलंत.

आहारतज्ज्ञ बाईंना तुमचं ताट सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. प्रोटीनच्या घटकांपैकी भाकरीत लायसिन कमी असतं, डाळीत मिथिओनिन कमी, दोन्ही खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं, असं त्यांनी समजावलं. तुम्ही ऐकून म्हणालात, "भाकरी नुसती कोण खातंय?"

तरी सोपं नव्हतंच. गिरणीत दिवसभर गहू दळतात. "गव्हावर दळू नको" असं कितीही बजावलं तरी पाळ्यात कालचं पीठ असतंच. तुम्ही गावाकडून सासूबाईंचं छोटं जातं पोत्यात बांधून एसटीनं आणलंत. घरघंटी येईपर्यंत माझे हुलगे आणि ज्वारी तुम्ही त्यावर दळलीत. हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलंय हे मुलानं वाचून दाखवलं, त्या दिवसापासून फोडणीत हिंगाच्या जागी ठेचलेला लसूण आला. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, म्हणून माझ्यासाठी वेगळी भाजणी. माझं पोलपाट वेगळं, तवा वेगळा, त्याला तुम्ही लाल दोरा बांधला होतात.

आणि शेंगोळ्या! एरवी तुम्ही हुलग्याच्या पिठात मूठभर कणीक घालायचात. ती चालणार नव्हती, म्हणून ज्वारीचं पीठ घातलंत. आधणात सोडल्या आणि बघता बघता सगळ्या विरघळल्या. "आज पिठलं समजून खावा," म्हणालात. पुढच्या खेपेला तुम्ही ज्वारीच्या पिठाची आधी उकड काढलीत, ती गरम असतानाच हुलग्याच्या पिठात लसूण-जिरं-मिरचीच्या वाटणासकट मळलीत आणि तळव्यावर बोटाएवढ्या वळल्यात. आधण खळखळा उकळत होतं, एकही फुटली नाही. तुम्ही झाऱ्यावर एक उचलून मला दाखवलीत, तेव्हाचा तुमचा चेहरा मी विसरणार नाही.

आता माझं वजन ५२ आहे. मागच्या महिन्यातला टीटीजीचा आकडा नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, थोडं दही खाऊन बघा. दोन चमचे खाल्लं, काही झालं नाही. पण माडगं मी सोडलेलं नाही, सकाळी अजूनही तेच लागतं.

मावशी, माझ्या अंगावर जे मांस परत चढलंय, ते तुमच्या हातचं आहे. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही.

हुरड्याला या म्हणालात, नक्की येते. तुम्ही दिलेले हुलगे संपत आलेत, दोन किलो बाजूला काढून ठेवा. आणि एक विचारायचं राहिलं: माझी उकड हल्ली सैल होते. वाटीभर पिठाला पाणी किती घालायचं, ते नातीकडून लिहून पाठवा.

तुमची,
ताई